विश्लेषण : स्क्रिप्टला प्रोग्रामचा दर्जा देणारे डेनिस रिची कोण होते?

अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे, तर आयफोनच्या आयओएसचे मूळ युनिक्समध्ये आहे. ही युनिक्स प्रणाली आणि ती ज्या भाषेत लिहिली गेली ती ‘सी’, या दोन्हींच्या निर्मितीत डेनिस रिची यांचा मोठा वाटा होता. एकीकडे लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडेही चालावा, हा त्यांच्या कामाचा गाभा.

बेल लॅब्समध्ये सुरुवात

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील ब्रॉन्क्सव्हिल येथे झाला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ होते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकून रिचीही १९६७ मध्ये तेथेच रुजू झाले. १९६९ मध्ये केन थॉम्पसन यांच्यासोबत त्यांनी युनिक्सवर काम सुरू केले.

‘सी’मुळे काय बदलले?

तेव्हा बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीम त्या-त्या मशीनच्या असेंब्ली भाषेत लिहिल्या जात. मशीन बदलले की सगळे पुन्हा लिहायचे. १९७३ मध्ये युनिक्सचे कर्नल ‘सी’मध्ये लिहिले गेले. पुढे रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी पीडीपी-११ वरील युनिक्स, इंटरडेटा ८/३२ या वेगळ्या रचनेच्या मशीनवर चालवून दाखवले.

दोन चिन्हांची करामत

स्क्रिप्ट म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेल्या आज्ञा. युनिक्सचे कर्नल ती थेट चालवू शकत नसे, शेलची मध्यस्थी लागे. जानेवारी १९८० मध्ये रिची यांनी कर्नलमध्येच सोय केली. फाइलची सुरुवात हॅश आणि उद्गारचिन्हाने झाली, की त्यापुढे लिहिलेला इंटरप्रिटर कर्नल स्वतः सुरू करते. स्क्रिप्ट कोणत्या भाषेत आहे, हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज उरली नाही. लिनक्स आणि मॅकओएसमध्ये ही सोय आजही आहे.

विंडोजवर तीच फाइल का अडते?

विंडोज फाइलची पहिली ओळ नव्हे, तर एक्स्टेन्शन पाहते. म्हणून लिनक्सवर नुसत्या नावाने चालणारी पायथन स्क्रिप्ट तेथे तशीच चालत नाही. उलट, विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह येते. त्यामुळे लिनक्सला इंटरप्रिटर सापडत नाही.

दखल किती?

रिची आणि थॉम्पसन यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले, तेव्हा जगभर मथळे झळकले. १२ ऑक्टोबरला ७० वर्षांचे रिची न्यू जर्सीतील घरी मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत. त्यांच्या जाण्याची फारशी चर्चा झाली नाही. जॉब्ज यांच्या आयफोनमध्ये मात्र रिची यांचेही काम आहे.