फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि तिचे हट्टी रोगी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेऊन रात्री इस्पितळातून फिरणारी शांत, सोशिक बाई डोळ्यांसमोर येते. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी तीच पाहिली. पण भगिनींनो, त्या दिव्याच्या उजेडात पडलेले रोगी कसे होते, हे त्या पुस्तकात नव्हते. ते काही गरीब गाईसारखे नव्हते.

तिचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. गावाचेच नाव मुलीला ठेवले. रोग्यांची सेवा हे त्या काळी चांगल्या घरच्या मुलीचे काम समजत नसत. आईने आणि थोरल्या बहिणीने वर्षानुवर्षे विरोध केला, रडारड केली. तरी १८५१ मध्ये जर्मनीत कैसरस्वर्थ येथे जाऊन ती शुश्रूषा शिकलीच.

१८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. त्या नोव्हेंबरच्या आरंभी ३८ परिचारिका घेऊन ती तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचली. तिथे घाण, उंदीर आणि तुंबलेली गटारे! तिच्या पायगुणाने मृत्यू लगेच थांबले असे पुष्कळदा लिहितात, ते खरे नव्हे. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत चढले होते. मार्चमध्ये सरकारने पाठविलेल्या स्वच्छता-समितीने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, तेव्हा कुठे ते जूनपर्यंत शेकडा २ वर आले. हे आकडे पुढे जगापुढे मांडण्याचे काम मात्र तिनेच नेटाने केले.

मला अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. सोजिर म्हणजे दारुडा, शिवराळ आणि पगार उडवणारा, असे अधिकाऱ्यांचे ठाम मत. त्यांना प्रेमाने वागवाल तर डोक्यावर बसतील, असे तिला बजावण्यात आले. तिने वाचनाची खोली उघडली, कॉफीगृह काढले आणि घरी पैसे पाठवण्याची सोय लावून घेतली. सहा महिन्यांच्या आत ७१,००० पौंड सोजिरांच्या घरी गेले! पैसा गुत्त्यात जात होता, कारण त्याला घरी जायला वाट नव्हती.

मे १८५५ मध्ये तापाने ती स्वतःच मरणाच्या दारी जाऊन आली. त्या आजारात कुणी पाठवलेला रानफुलांचा गुच्छ पाहून आपल्याला लवकर उतार पडू लागला, हे ती कधी विसरली नाही. पुढे प्रकृती अशी ढासळली की १८५७ पासून ती वर्षानुवर्षे बहुतेक खोलीतच असे. भेटायला एका वेळी एकच माणूस, तोही वेळ ठरवून, घरच्यांनासुद्धा नकार. म्हणजे हेकट रोगी म्हणतात तशीच ती झाली म्हणा ना! 'नोट्स ऑन नर्सिंग' हे तिचे पुस्तक १८५९ चे, त्याच दिवसांतले. रोग्याला श्रमापेक्षा धास्ती, अनिश्चितता आणि वाट पाहणे जास्त पोखरते, असे त्यात ती सांगते. दाराआड कुजबुजू नका, पाठीमागून बोलू नका, मान न वळवता तुम्ही दिसाल असे बसा. खोटा धीर देत बसू नका.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई खुब्याचे हाड मोडून इस्पितळात होत्या, तेव्हा हे पुस्तक मी वाचले. पाणी दिले तर गरम का, चादर सारखी केली तर दुखवतेस का! एकदा जेवणाचे ताटही त्यांनी भिरकावले. नर्स मुली त्यांच्या खोलीत यायला कचरत. डॉक्टरांचे बोलणे दाराबाहेर होई. मी एवढेच सुरू केले की समोर खुर्ची घेऊन बसायचे, जाताना घड्याळ दाखवून परत येण्याची वेळ सांगायची आणि ती पाळायची. शस्त्रक्रिया का लांबली, तेही डॉक्टरांना त्यांच्यासमक्षच विचारायचे. सासूबाईंची जीभ काही बदलली नाही. पण चौथ्या रात्री माझा हात धरून, मी पुन्हा चालेन का गं, असे त्यांनी हळूच विचारले. इतके दिवस त्या ओरडून हेच विचारत असाव्यात.

फ्लॉरेन्सच्या वाट्याला घरचाही असा रोगी आला. वडील १८७४ मध्ये वारले. आईची दृष्टी व स्मरण दोन्ही गेलेली. जिने हे काम करू दिले नव्हते, तिचेच आता करायचे! ते तिने हसतमुखाने केले असे मी लिहिणार नाही. घरच्या व्यापात आपले काम खोळंबते म्हणून ती पत्रांतून फार कुरकुरे. तरी १८८० मध्ये आईने डोळे मिटेपर्यंत तिने ते सोडले नाही.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती वारली. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याची तयारी होती. पण तिच्या इच्छेप्रमाणे तिला ईस्ट वेलो या खेड्यात नेले. तिथे आईवडिलांच्याच स्मारकाच्या एका बाजूवर तिची केवळ आद्याक्षरे आणि दोन तारखा कोरलेल्या आहेत.