हुतात्मा भाई कोतवाल



गळ्यात माळ घातली की तिच्याबरोबर आचाराची जबाबदारीही येते, हे आपण जाणतोच. पुढारीपणाचेही तसेच आहे. लोकांनी हार घातला म्हणजे माणूस पुढारी दिसू लागतो. परंतु संकटकाळी लोक त्याच्या मागे उभे राहतात ते त्याचा व्यवहार पाहून. याचे उदाहरण शोधावयास लांब जायला नको. आपल्या कर्जत तालुक्यातील भाई कोतवाल यांचे चरित्र पाहावे.

त्यांचे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरान येथे नाभिक समाजातील एका साध्या घरात त्यांचा जन्म झाला. संत सेना महाराज याच समाजातले. हातातला धंदा सचोटीने करावा आणि मुखी नाम असावे, ही त्यांची शिकवण आपल्याला ठाऊक आहेच. विठ्ठल बुद्धीने तल्लख. पुण्यास राहून शिकला, पुढे वकिलीची परीक्षाही उत्तीर्ण झाला. मुंबई काही दूर नव्हती. तेथे बसून चार पैसे सुखाने मिळवता आले असते. पण भाईंनी आपल्या डोंगराकडेच तोंड वळवले. माथेरानच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले, आणि डोंगराखालच्या शेतकरी, ठाकूर, कातकरी बांधवांत त्यांची ऊठबस सुरू झाली.

त्या काळी गरिबाचे हाल काय सांगावे! आषाढ उजाडला की कणगी रिकामी, आणि लावणीचे काम तर अंगावर. मग सावकाराच्या दारी जाऊन खावटी आणायची, अन् सुगीला मणाला दीड मण मोजून द्यायचे. पिकवणारा उपाशी तो उपाशीच. या फेऱ्यातून शेतकरी सुटावा म्हणून भाईंनी धान्यकोठ्या काढल्या. सुगीला धान्य साठवावे, पावसाळ्यात नडलेल्याने तेथून न्यावे, पीक आल्यावर परत भरावे, अशी ही साधी रीत. पण रीत साधी असली तरी चालवणे अवघड! माप एकच हवे, वही सर्वांपुढे उघडी हवी, आणि सोयऱ्याला एक व परक्याला एक असा भेद नको. हिशेबात खोट आली की कोठी बुडते, आणि तिच्याबरोबर माणसाचा शब्दही बुडतो. खेड्यापाड्यांतील मुलांसाठी त्यांनी शाळाही चालवल्या.

पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईस ‘चले जाव’चा ठराव झाला. भाई घरदार सोडून भूमिगत झाले व त्यांनी आझाद दस्ता उभारला. खालापूर तालुक्यात खोपोलीस १९१५ साली आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीस १९२२ साली टाटांची वीजगृहे सुरू झालेली होती. घाटातल्या पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना जाई. मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडून सरकारचा कारभार अडवायचा, हे दस्त्याचे काम. सरकारने भाईंना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले. वास्तविक गरिबाला त्या रकमेचा मोह पडायचा. तरीही रानातल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, भाकर दिली. ही माया भाषणाने मिळत नसते. आषाढात योग्य मापाने मिळालेला दाणा माणूस विसरत नाही.

अखेर ठावठिकाणा पोलिसांस कळला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी वेढा घातला. मानिवलीचे हिराजी पाटील गोळी लागून पडले. भाईही तेथेच धारातीर्थी पडले. वय अवघे तीस. साथीदारांना पुढे धाडून आपण सुरक्षित राहावे, हे त्यांनी केले नाही. दर वर्षी २ जानेवारीस लोक सिद्धगडावर जाऊन या दोघा वीरांना वंदन करतात.

आता आपल्याकडे पाहू या. रानात जाऊन प्राण देण्याचा प्रसंग आज आपल्यावर नाही. पण दिंडीची वर्गणी, देवळाची पेटी, सोसायटीची वही, ग्रामपंचायतीचा पैसा, यांतले काही ना काही आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती असते. ज्याच्या हाती ते आहे तो त्या कामापुरता पुढारीच. त्याने वही उघडी ठेवावी, माप सारखे ठेवावे, आणि कष्टाच्या वेळी आपण पुढे व्हावे. भाईंनी एवढेच केले, म्हणून गावाने त्यांना जीव लावला. एवढे आपल्याकडून घडो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

रामकृष्ण हरी.