रंकाळ्याकाठी वाचावा असा रापाला

रंकाळ्याच्या काठावर किंवा पंचगंगेच्या कडेला गळ टाकून बसलेली माणसं कधी बघितलीत? कणकेची गोळी नाहीतर गांडूळ गळाला लावायचं, तंगूस पाण्यात सोडायचा आणि बसायचं. आला मासा तर आला. आपल्याकडं गळ म्हटलं की हेच चित्र डोळ्यांपुढं येतं. पण जगात दुसरीही एक तऱ्हा आहे. तिच्यात गळाला खाऊ नसतोच. असतो तो लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा नकली मासा. खरा मासा त्याला भुलतो तो वासामुळं नाही, त्याच्या चालीमुळं. ही चाल ज्यानं नीट ओळखली, त्या लाउरी रापालाची ही गोष्ट. रापाला आणि रंकाळा हे यमक निव्वळ योगायोगाचं. गडी फिनलंडचा.

लाउरीचा जन्म २७ नोव्हेंबर १९०५ चा, सिस्मा नावाच्या गावाकडचा. तेव्हा फिनलंड स्वतंत्र देशही नव्हता, रशियाच्या झारच्या ताब्यात होता. घरची गरिबी. त्याच्या आडनावाचा किस्सा तिकडं आवर्जून सांगतात. लहानपणी आईबरोबर तो दुसऱ्या गावी राहायला गेला. तिथल्या चर्चच्या वहीत नाव लिहिताना पाद्र्याला आडनाव आठवेना, म्हणून त्यानं आधीच्या वस्तीचं नाव लिहून टाकलं. ती वस्ती म्हणजे रापाला. पुढं जगभरातल्या गळवाल्यांच्या तोंडी बसलेलं नाव असं एका विसराळूपणातून आलं.

लाउरी मोठा झाला तो मजुरी करत. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड, शेतावर पडेल ते काम आणि पाणी मोकळं झालं की पायान्ने या भल्यामोठ्या तलावात मासेमारी. १९२८ मध्ये एल्माशी लग्न झालं, पोरंबाळं झाली, खाणारी तोंडं वाढली. मासेमारी हा त्याचा छंद नव्हता. मासा मिळाला नाही, तर घरात त्याची झळ लगेच लागायची. लांबच लांब दोराला शेकडो गळ बांधायचे, प्रत्येकाला आमिष लावायचं, होडी वल्हवत दोर पसरायचा आणि परत वल्हवत तो ओढायचा. दिवसभर हात भरून यायचे. आमिष जमवण्यातच अर्धा वेळ जायचा.

काठावरचं निरीक्षण

या कष्टात त्याला एक गोष्ट दिसली. छोट्या माशांचा थवा चाललाय आणि खाली पाइक किंवा ट्राउटसारखा शिकारी मासा दबा धरून आहे. तो थव्यात घुसतो, पण शंभरातल्या कुठल्याही माशावर झडप घालत नाही. जो जखमी आहे, जो थोडा डुलत, अडखळत पोहतोय, त्यालाच उचलतो. आपल्याला ही वरवरची माहिती वाटेल. पण होडीतल्या लाउरीला प्रश्न पडला, की असा लंगडत पोहणारा मासा आपणच बनवला तर? मग रोज आमिष शोधायची दगदगच नको.

नकली मासे त्याच्या आधीही होते, पण लाउरीला हवी होती ती नेमकी चाल. १९३६ मध्ये त्यानं बुचाचा तुकडा घेतला, चांभाराच्या सुरीनं कोरला, पॉलिशपेपरनं घासला. चमक हवी म्हणून चॉकलेटची चांदी गुंडाळली. वरून लावायला लॅकर घ्यायचं, तर खिशात पैसे नव्हते. मग फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचाच लेप दिला. कोरायचं, पाण्यात ओढून बघायचं, चाल चुकली की पुन्हा कोरायचं, असा हा उद्योग चालायचा. शेवटी तो बुचाचा मासा जखमी माशासारखा डुलायला लागला आणि लाउरीची होडी भरायला लागली. एकेका दिवशी पावणेतीनशे किलोपर्यंत मासे मिळायचे, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. आकडा जरा फुगलेला असेलही, पण शेजारीपाजारी त्याच्याकडं तसा मासा मागायला लागले, हे खरं.

मधे युद्ध आलं. सोव्हिएत रशियाशी लढायला लाउरीही सैन्यात गेला. बूच मिळेना तेव्हा झाडाच्या सालीपासून मासे कोरले गेले. युद्धानंतर पोरं हाताखाली आली, त्यांनी कोरायची यंत्रं बनवली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आलेल्या पाहुण्यांबरोबर हे मासे देशाबाहेर पोचले. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या रॉन वेबर यांच्या हाती एक नमुना लागला आणि रे ऑस्ट्रॉम या मित्राबरोबर त्यांनी आयात सुरू केली. ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकात रापालाच्या माशावर लेख आला. तो अंक मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरचा, त्यामुळं हातोहात खपला. मागणी लाखांत गेली आणि खेड्यातल्या कारखान्याची पळापळ झाली. तरीही बनलेला प्रत्येक मासा पाण्याच्या टाकीत ओढून, त्याची चाल बघूनच बाहेर पाठवायचा, हा शिरस्ता मोडला नाही.

खोलातला भाऊबंद

लाउरीचा पहिला मासा पाण्याच्या वरच्या थरात पोहणारा. अमेरिकेतल्या बास माशाची गोष्ट मात्र वेगळी. उन्हाळ्यात तो खोल पाण्यातल्या उतारांवर, दगड-ओंडक्यांपाशी जाऊन बसतो. त्याच्यापर्यंत पोचायला गुबगुबीत अंगाचे, खोल बुडी मारणारे क्रँकबेट लागतात. त्यांचा डाव तोंडाखालच्या पट्टीत, म्हणजे ‘लिप’मध्ये असतो. लिप लांब आणि सरळ पुढं आलेली असेल तर मासा खोल जातो. आखूड आणि खाली वळलेली असेल तर वरच राहतो. दोरा ओढला की लिप पाणी कापते, मासा डुलत खाली जातो. थांबलं की हळूहळू वर येतो.

निवडायचा कसा? पाणी बारा फूट असेल तर त्याहून थोडा जास्त खोल जाणारा घ्यायचा, म्हणजे तो तळाला घासत जातो. दगडाला आपटून तो एकदम बाजूला उडतो आणि नेमक्या त्या क्षणी बास झडप घालतो. तोच तो जखमी मासा! दोरा बारीक ठेवायचा, कारण जाड दोऱ्याला पाण्याचा अडसर जास्त. फेक लांब हवी, नाहीतर तळ गाठेपर्यंत तो काठाला आलेला असतो. रीळ जोरात फिरवलं की जास्त खोल जातो, हा गैरसमज. फार ओढलं तर तो आडवा होतो. गार पाण्यात बारीक थरथरणारा, कोमट पाण्यात मोठं डुलणारा. आणि एका बाजूला पळत असेल, तर दोरा बांधायची कडी उलट बाजूला किंचित वाकवायची. रापाला कंपनीच्या ‘डीटी’ मालिकेत तर नावातच खोली लिहिलेली असते, ‘डीटी १६’ म्हणजे सोळा फूट.

आपल्याकडं बास नाही. आपली मरळ उथळ पाण्यात, पानवेलींत शिकार करते. तिथं हा खोल जाणारा मासा नुसता गवत गोळा करून आणेल. म्हणजे ऑनलाइन बघून मागवण्याआधी आपलं पाणी आणि आपला मासा बघायला लागतो. परवानगी कुठं आहे, तेही बघा.

लाउरी १९७४ मध्ये गेला. ना डिग्री, ना भांडवल. पण रोजच्या त्याच त्या कामाकडं त्यानं एकदा नीट बघितलं, कारण चूल त्यावरच पेटत होती. पुढच्या वेळी रंकाळ्यावर गेलात, की भेळ खाता खाता काठाच्या पाण्यातला छोट्या माशांचा थवा जरा बघा. त्यातला अडखळत पोहणारा मासा दिसतो का?