डॉ. होमी भाभा : कणांच्या सरीपासून सिलिकॉनच्या चकतीपर्यंत

अणुशक्ती म्हटले की डॉ. होमी भाभा हे नाव आपल्या ओठांवर येते. पण मुळात ते कशाचे शास्त्रज्ञ होते हे फार थोड्यांना ठाऊक असते. अणुभट्ट्या नंतर आल्या. आधी त्यांचे मन गुंतले होते ते आकाशातून येणाऱ्या अदृश्य कणांत. म्हणून त्यांच्या चरित्राचा तोच भाग येथे जरा सविस्तर देत आहोत.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर भाभा कायदेपंडित. आत्या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. मुलाने इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, असे घरच्यांनी ठरवूनच ठेवले होते. १९२७ साली ते केंब्रिजला गेले आणि तेथे पदार्थविज्ञानाने त्यांना पुरते झपाटले. वडिलांनी अट घातली : आधी इंजिनिअरिंगमध्ये पहिला वर्ग मिळव, मग हवे ते शीक. भाभांनी १९३० मध्ये तो मिळवला, १९३२ मध्ये गणिताचीही परीक्षा दिली आणि १९३५ मध्ये पीएच.डी. झाले. हट्ट करावा तर असा, अभ्यास करून!

त्या काळी विश्वकिरणांचे मोठे कोडे होते. अवकाशातून येणारा एक वेगवान कण शिशाच्या पत्र्यावर आदळला की पलीकडून कणांची सरच बाहेर पडे. हे कसे होते? १९३७ साली भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी उत्तर दिले. इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशाचा एक जोरदार कण सोडतो. त्या प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. ती जोडी पुन्हा तेच करते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि शक्ती वाटली जाऊन संपेपर्यंत हे चालूच राहते. मेसॉन हे सुटसुटीत नावही १९३९ मध्ये भाभांनीच सुचवले.

त्याच वर्षी ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांच्याकडे त्यांना जागा मिळाली. इतके दिवस कागदावर गणिते मांडणारे भाभा येथे उपकरणांकडे वळले. गायगर गणित्रे एकावर एक ठेवून त्यांची दुर्बीण करायची आणि ती विमानातून वर न्यायची. अशा रीतीने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३० हजार फुटांपर्यंत मेसॉन मोजले. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

युद्ध संपत आले तसा खरा प्रश्न उभा राहिला : परत केंब्रिजला जायचे की येथेच राहायचे? तेथे मान होता, मित्र होते. येथे धड प्रयोगशाळाही नव्हती. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून संशोधनसंस्थेची योजना मांडली. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला पेडर रोडवरील एका बंगल्यात आली. या निर्णयाची किंमत त्यांनी मोजली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद आले, तुर्भ्याचे काम आले आणि स्वतःचे संशोधन मागे पडत गेले. आमच्या मते देशाला एक संघटक मिळाला, पण एक सिद्धान्तकार अर्ध्यावर राहिला.

मात्र उपकरणे शक्यतो येथेच बनवायची, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली अप्सरा अणुभट्टी आपल्याच लोकांनी उभारली. इंधन तेवढे इंग्लंडचे होते. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलवर लावलेल्या उपकरणांनी १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची चाहूल घेतली. भाभांना ते पाहता आले. पुढच्याच २४ जानेवारीला त्यांचे विमान जिनिव्हाजवळ येत असता मॉं ब्लां पर्वतावर आदळले. ते ५६ वर्षांचे होते. १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

जिनिव्हाजवळच सर्न ही प्रयोगशाळा आहे. तेथील सीएमएस या प्रचंड उपकरणात शिशाचे थर आणि त्यांच्यामागे सिलिकॉनच्या चकत्या असा एक भाग बसवला गेला. शिशात कणांची सर फुटावी आणि सिलिकॉनने ती टिपावी, म्हणजे भाभा–हाइटलर यांचेच गणित! त्यासाठी सुमारे एक हजार चकत्या भाभा केंद्राच्या देखरेखीखाली बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये तयार झाल्या. प्रत्येक चकती सहा सेंटिमीटरच्या आसपास लांब-रुंद, जाडी मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, आणि तिच्यावर ३२ पट्ट्या.

यात अडचण अशी की जे कण मोजायचे तेच चकतीला इजा करतात. सिलिकॉनमध्ये अणू ओळीने उभे असतात, आपल्याकडच्या केळीच्या बागेसारखे. कणांचा मारा म्हणजे वादळ. काही अणू जागचे उखडतात आणि ओळीत खड्डे पडतात. मग कण आलेला नसतानाही चकतीतून वीज झिरपू लागते, खरा संकेत क्षीण होतो आणि काम करून घेण्यासाठी अधिकाधिक व्होल्टेज द्यावे लागते. म्हणून चकती सुरुवातीपासूनच जास्त व्होल्टेज सोसेल अशी घडवतात आणि उपकरणात शून्य अंशाखाली थंड ठेवतात. एकदा बसवली की ती बदलायला आत हात घालणे फार कठीण असते. तिला वर्षानुवर्षे तग धरावाच लागतो.

त्याच यंत्राच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात हजारो नाजूक जॅकांवर मोठी चुंबके अचूक तोलून ठेवली आहेत. त्या जॅकांचा आराखडा आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात तयार झाला.