तीन नाकपुड्यांचा चित्रकार

रेषा बोचरी आणि लेखणी मायाळू, असा व्यंगचित्रकार विरळाच. इटलीचे जोव्हानिनो ग्वारेस्की हे अशांपैकी आमचे आवडते.

पार्मा शहराजवळील फोंतानेल्ले गावी १ मे १९०८ रोजी त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, त्यांनी जर्मनांशी सहकार्य करण्यास नकार दिला. परिणामी या लष्करी अधिकाऱ्याला बंदिछावणी भोगावी लागली. तेथे उपाशीपोटी ते सोबत्यांना विनोदी लेख वाचून दाखवीत.

मायदेशी परतल्यावर १९४५ मध्ये मिलान येथे त्यांनी ‘कांदिदो’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात ते आंधळ्या कम्युनिस्ट अनुयायाला तीन नाकपुड्या काढीत. मेंदू निसटावा आणि पक्षाचा हुकूम आत शिरावा, यासाठी ही तिसरी!

त्याच साप्ताहिकात डिसेंबर १९४६ मध्ये धर्मगुरू दोन कामिल्लो आणि कम्युनिस्ट महापौर पेप्पोने अवतरले. दोघे भांडतात, हातघाईवरही येतात; पण क्रूसावरील प्रभू फादरांचे कान उपटतो आणि संकटात हे दोघे एकमेकांना सोडीत नाहीत.

माजी पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या नावाची पत्रे छापल्याबद्दल १९५४ मध्ये ग्वारेस्कींना अब्रुनुकसानीची शिक्षा झाली. पत्रे खरी आहेत, यावर ते ठाम होते. अपील न करता त्यांनी ४०९ दिवस तुरुंगात काढले. २२ जुलै १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्यांची त्यांनी रेषेने खिल्ली उडवली, त्यांनाच कथेत हृदय दिले. विरोधकाशी झुंजावे, परंतु त्याच्यातील माणूस नाकारू नये, हा त्यांचा वारसा आम्हांस मोलाचा वाटतो.