डेव्हिड ससून : एका व्यापाऱ्याची खतावणी

गेल्या मे महिन्यात मी सुरतेला मामांकडे गेलो होतो. मामा तिथल्या कापडबाजारात हिशेबनीस आहेत. शाळेत शिवचरित्र वाचल्यापासून सुरत म्हटले की मला लूट तेवढी आठवे. मामांनी दुसरी सुरत सांगितली. अठराव्या शतकात बगदाद, बसरा, अलेप्पो येथून अरबी बोलणारे ज्यू व्यापारी तेथे येऊन राहिले. त्यांचे स्वतःचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर होते. पुढे व्यापार मुंबईला गेला, वस्ती पांगली आणि ते मंदिरही राहिले नाही. व्यापार हलला की देऊळही जाते काय? हा प्रश्न घेऊनच मी बेळगावला परत निघालो. वाटेत मुंबईत आणि पुण्यात एकेक सिनेगॉग पाहिले. दोन्हींच्या मुळाशी एकच घराणे निघाले, ससूनांचे.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादमध्ये झाला. वडील तेथील पाशांचे खजिनदार. पण दाऊद पाशाच्या छळामुळे ससूनांना घरदार सोडून इराणमधील बुशहरला पळावे लागले. १८३२ साली ते सहकुटुंब मुंबईत आले, तेव्हा वय चाळीस होते. त्यांना अरबी, हिब्रू, तुर्की, फारसी येत असे. इंग्रजी मात्र जवळजवळ नाहीच. १८५३ साली ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्यांनी सही केली ती हिब्रूत. पेढीचा पत्रव्यवहार हिब्रू लिपीतल्या अरबीत चाले. घरी मराठी, दुकानात कन्नड आणि वर्गात इंग्रजीची धास्ती, अशा माझ्यासारख्याला हे वाचून केवढा धीर आला!

पण खतावणीला दोन बाजू असतात. कापूस आणि कापडाबरोबर ससूनांनी अफूचाही व्यापार केला. पहिल्या अफूयुद्धानंतर चीनची बंदरे उघडली, तेव्हा १८४४ साली त्यांनी आपला मुलगा एलियास याला तिकडे पाठवले. त्या पैशाने चीनमधली किती घरे बसली असतील, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. दुसऱ्या बाजूला पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईतले वाचनालय, भायखळ्याचे सिनेगॉग यांना त्यांनी सढळ हाताने पैसा दिला. दानाने अफू धुऊन निघते, असे मला वाटत नाही. आणि अफूमुळे रुग्णालयातला बरा झालेला रोगी खोटा ठरतो, असेही वाटत नाही. दोन्ही रकमा आपापल्या जागी लिहिल्या पाहिजेत, एवढेच.

७ नोव्हेंबर १८६४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कॅम्पातील ओहेल डेव्हिड सिनेगॉग, लोकांच्या तोंडचे लाल देऊळ, १८६७ साली पूर्ण झाले. ते त्यांना पाहायला मिळाले नाही. त्याच आवारात त्यांची समाधी आहे. मी रस्त्यावरूनच त्या उंच मनोऱ्याकडे पाहून नमस्कार केला.

मुंबईच्या कोटातील केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग त्यांचे नातू जेकब यांनी १८८४ साली आपले वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधले. पुढे ससून इंग्लंडला गेले आणि बहुतेक ज्यू कुटुंबेही देश सोडून गेली. इमारतीत ओल शिरली, लाकूड कुजले. सुरतेचेच पुन्हा घडायचे. पण येथे राहिलेल्या मोजक्या माणसांनी ते दार बंद होऊ दिले नाही. त्यांच्या प्रयत्नांना वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आणि जेएसडब्ल्यू फाउंडेशन यांनी आर्थिक साहाय्य दिले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली. वर्षानुवर्षांचा निळा रंग उतरवला, रंगीत काचा पुन्हा उजळल्या आणि २०१९ साली ते मंदिर नव्याने उघडले. त्याच वर्षी युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. ज्या गवंड्या-सुतारांनी ते सावरले, त्यांतले कितीजण ज्यू असतील?

दिवाळीला वडील नवी वही पुजतात, तेव्हा जुन्या वहीतली बाकी आधी पुढे ओढतात. नावेही आणि जमाही. मला वाटते, सुरतेत बाकी पुढे ओढायला कोणी उरले नाही; मुंबईत उरले. व्यापार गेला तरी देऊळ राहते, पण ते असे कोणी असेल तरच.