शिंपल्यांच्या आरोग्याचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल

मोत्यांच्या शिंपल्यांचा शास्त्रीय अभ्यास करणारे प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांचा जन्म १८६५ मध्ये झाला. १८९१ नंतर सिलोनलगतच्या मन्नारच्या आखातात मोत्यांचा हंगाम अनेक वर्षे होऊ शकला नाही. त्याची कारणे शोधण्यासाठी १९०२ मध्ये प्रा. विल्यम हर्डमन यांच्यासमवेत हॉर्नेल तेथे गेले. सरकणारी वाळू, दाटी आणि शिंपले खाणारे मासे यांमुळे कोवळे शिंपले नष्ट होतात, असे त्यांना आढळले. ते सुरक्षित तळावर हलवावेत, अशी शिफारस त्यांनी केली. परजीवी कृमीच्या अळीभोवती मोती तयार होतो, हे त्यांचे मत मात्र पुढील संशोधनात टिकले नाही. १९०७ नंतर तेथील हंगाम पुन्हा बंद पडला. निसर्गापुढे शास्त्राची मर्यादा स्पष्ट झाली, तरी हॉर्नेल यांनी काम थांबविले नाही. बडोद्याच्या गायकवाड सरकारसाठी त्यांनी ओखामंडळच्या समुद्रजीवांची पाहणी केली. तिचा अहवाल १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मद्रास प्रांताच्या मत्स्य विभागात असताना पुलिकत सरोवरात खाद्य कालवांच्या संवर्धनाचे प्रयोग त्यांनी केले. १९४९ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतातील मृदुकाय प्राण्यांवरील त्यांचे पुस्तक १९५१ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने प्रकाशित केले.